वीस हजार कड्यांचा सदरा

शिपाई फुकटात होत नाही. मिरवणुकीत पोट्टे पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन, चांदीचा रंग मारलेले सदरे घालून चालतात. ते पाहून लोकांना वाटतं, पूर्वी राजानं हाक मारली आणि घराघरातून शिपाई निघाले. निघाले असतील. पण अंगात काय घालून निघाले, ते कोणी केलं, आणि ते गंजू नये म्हणून घरात कोण तेलाचा बोळा घेऊन बसलं होतं, हे कोणी विचारत नाही. मला ते ठाऊक आहे. मी एक शिपाई मानेपासून मांडीपर्यंत तयार केला आहे. मी आणि माझ्या बायकोनं.

मी खाती आहे. आमच्याकडे लोहाराला खाती म्हणतात. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचं गाव, गावाच्या टोकाला माझी भट्टी. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, हेच आयुष्यभर केलं. चौथीपर्यंत शिकलो, तेवढं पुरलं. बायको तेवढीही शिकली नव्हती, पण घण माझ्याइतकाच मारायची. खात्याच्या घरात बाई घण उचलते, त्यात नवल नाही. लाल लोखंड सांडशीत धरून मी फिरवायचं आणि तिनं ठोकायचं. चाळीस वर्षांत तिचा घाव माझ्या हातावर एकदाही पडला नाही. भांडण झालेलं असलं त्या दिवशीसुद्धा.

एका दसऱ्याच्या आधी तालुक्याच्या शाळेतले इतिहासाचे सर मोटरसायकलवर आले. चांद्याच्या परकोटावर, म्हणजे चंद्रपूरच्या जुन्या तटावर, या माणसाचा फार जीव. कुठे दगड निखळला, कोणत्या बुरुजावर पिंपळ उगवला, सगळं पाठ. शाळेत एक खोली रिकामी होती, तिच्यात जुन्या काळचे शिपाई उभे करायचं त्यांच्या मनात आलं होतं. मोबाइलवर चित्रं दाखवली. लोखंडी कड्यांचा सदरा, ज्याला ते चिलखत म्हणत होते, डोक्यावर टोप, हातात भाला. किती पाहिजेत, मी विचारलं. दहा, म्हणाले, आणि दिवाळीच्या सुट्या संपेपर्यंत झाले तर बरं.

बायको भट्टीचा पंखा फिरवत होती, ती थांबली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मी चित्र बोटानं मोठं करून पाहिलं. प्रत्येक कडी चार कड्यांमधून गेलेली, प्रत्येक कडीच्या जोडावर मोहरीएवढा खिळा. म्हटलं, "सर, एक होईन. आन् तोही पुढच्या दिवाळीले."

सरांचं तोंड उतरलं, पण ते बसले. मग चहा झाला. त्यांनी सांगितलं की स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येई तो शिलेदार, आणि सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पगार मोठा. घोडा मेला की मान गेला, पगारही गेला.

बायकोनं कप उचलता उचलता विचारलं, "आन् ज्याचा घण सोताचा, घणावरची बायकोही सोताची, तो कोन हो सर?"

सर विचारात पडले. पुस्तकात नसावं.

"खाती," ती म्हणाली. "त्याले ना मान, ना पगार."

सर इतके हसले की चहा शर्टावर सांडला. त्या दिवसापासून ते यायला लागले की आधी तिची चौकशी करायचे, मग माझी.

दसऱ्याला हत्यारं पुजली आणि दुसऱ्या दिवशी काम धरलं. घरं बांधताना सळाख्या बांधायला जी काळी मऊ तार वापरतात, ती आणली. चमकणारी तार नको, ती तापवली की विषारी धूर निघतो. तार सळईवर गुंडाळायची, गुंडाळी छिन्नीनं उभी कापायची, की कड्या सुट्या होतात. मग तापवून मऊ करायच्या, टोकं एकावर एक आणून चपटी ठोकायची, भोक पाडायचं, चार कड्यांत अडकवायची, खिळा घालून बसवायची. नुसती टोकाला टोक लावून सोडली तर चालत नाही का, असं सरांनी एकदा विचारलं. चालते, पण भाल्याचा धक्का बसला की ती कडी तोंड उघडते, आणि मग शिपाई तोंड उघडतो.

मी पंधरा दिवसांत हातरुमालाएवढा तुकडा केला. तोही वाकडा. एका बाजूला ताणला की दुसरीकडे गोळा व्हायचा. बायकोनं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. शेजारी ढिवरांची घरं होती आणि लहानपणी ती त्यांच्या पोरींसोबत मासे धरायची जाळी विणत बसायची.

"हे तं जाळं आहे," ती म्हणाली. "तुमी याले पत्रा समजून करून राह्यले."

बस. तिथून काम वाटलं गेलं. कड्या करायच्या मी, गुंफायच्या तिनं. छातीशी रुंद करायचं तर जाळ्यात जसं घर वाढवतात तसं ती वाढवायची, कमरेशी कमी करायची. मी चाळीस वर्षं जिला घणकरी समजलो ती कारागीर निघाली, आणि ते मला साठी उलटल्यावर कळलं. तेंदूपत्त्याचे पुडे बांधून तिच्या बोटांना मोजणीची सवय होती. शंभर झाल्या की एक चिंचोका टोपलीत टाकायची. सदरा पुरा झाला तेव्हा टोपलीत दोनशेच्या वर चिंचोके होते. वीस हजार कड्या, आणि वर काही.

दोन माणसं आणि पाच महिने. त्या पाच महिन्यांत माझ्याकडून विळे कमी झाले. धान कापायला लोकांनी बल्लारपूरच्या बाजारातून तयार विळे आणले, ते धानाच्या बांधीत दोन दिवसांत बोथट झाले, आणि शिव्या मला बसल्या. मला वाटतं, राजाच्या काळीही असंच झालं असेल. खाती शिपायाच्या मागं लागला की कास्तकाराचा विळा बोथट. शंभर शिपाई म्हणजे शंभर सदरे, म्हणजे मुलखातले सगळे खाती आणि त्यांच्या बायका, आणि त्यांच्या कोळशासाठी केवढं तरी जंगल. घोड्याचं तर बोलूच नका. घोडा चणे खातो, आणि लढाई नसली तरी खातो.

सदरा होळीला अंगात घालण्याजोगा झाला. इथे चूक झाली, आणि चूक माझी. माप मी माझ्याच अंगाचं दिलं होतं. खाती भट्टीवर उघडाच असतो. उघड्या अंगावर दोरी गुंडाळून मी माप काढलं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. बायकोनं तेव्हाच विचारलं होतं की माणूस नुसत्या आंगावर लोखंड घालीन कसा. मी म्हटलं, शिपाई आहे तो, नवरदेव नाही.

चैत्रात सर आले, तेव्हा मी ऐटीत सदरा चढवून अंगणात उभा राहिलो. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सर फोटो काढेपर्यंत खांदे भाजायला लागले. काढायला गेलो तर छातीवरचे केस कड्यांत अडकलेले. मी ओरडलो. बायकोनं आणि सरांनी मिळून सदरा काढला, आणि काढताना दोघंही हसत होते. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. पुस्तकात पाहिलं म्हणे, आतून कापूस भरलेली जाड बंडी असायची. तिच्याशिवाय चिलखत घालतच नसत. घाव लोखंड अडवतं, पण मार कापूस सोसतो.

"मले इचारलं असतं तं फोनचे पैसे वाचले असते," बायको म्हणाली.

तिनं बंडी शिवली. घरचा कापूस, तिची दोन जुनी लुगडी, बोटाबोटावर उभे टाके. गोधडीसारखी जाड झाली. आणि बंडीवर सदरा आता चढेना. छातीवर कसाबसा बसला, पण काखेत अडकला. हात खांद्याच्या वर जाईना. ज्या शिपायाला हात वर करता येत नाही त्यानं तलवार काय मांडीशी फिरवायची?

तिनं काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजू उसवायला लावल्या. दोन्ही काखांत पाचरीसारखा तुकडा घालायचा, वर रुंद, खाली निमुळता, आणि हात उचलला की उघडेल असा. ती रीत तिनंच काढली. उजवी बाजू जेठ महिन्यात झाली. मी हात वर करून पाहिला, सदरा श्वास घेतल्यासारखा उघडला आणि मिटला. डावी बाजू तिनं सुरू केली, चार बोटं भरतील एवढी गुंफली. मग तिचं पोट दुखायला लागलं.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. चंद्रपूरला नेलं, आणलं, परत नेलं. भादव्यात ती गेली. लोक भेटायला आले आणि म्हणाले की सुटली बिचारी. मी एकाला विचारलं, बांधली होती का मी तिले? तो उठून गेला. नंतर बरेच जण आलेच नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सदरा भट्टीतल्या खुंटीवर तसाच होता. ती दर आठ दिवसांनी त्याला मोहाच्या बियांचं तेल लावायची. कधी लावायची ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं लोखंड चांगलं आहे. आमचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. दिवाळीच्या सुमाराला मी त्याला हात लावला तर तळहात तांबडा झाला. शिपाई करणं एक वेळ सोपं आहे. ठेवणं कठीण.

सर आले. तेराव्यालाही आले होते, तेव्हा सदऱ्याचा विषय काढला नव्हता. आता खुंटीकडे पाहत बसले. मी म्हटलं, बसू नका, हात लावा. पोत्यात सदरा, कोरडी रेती आणि धानाचा कोंडा घातला, तोंड बांधलं. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. झोका दिल्यासारखं हलवायचं. रेती गंज खाते, कोंडा तेल ओढतो. पांढऱ्या शर्टातले सर अर्ध्या घटकेत कोंड्यानं भरले, पण त्यांनी टोक सोडलं नाही. हे काम एकट्याचं नाही. दुसरं टोक खरं कोणाच्या हातात असायला हवं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पोतं हलवता हलवता ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मनात नसेल तर राहू द्या. हा सदरा घरीच ठेवा. मी शाळेत सांगतो काहीतरी."

"शब्द देल्ला आहे."

"मग असाच न्यायचा का? डावी बाजू भिंतीकडे करून उभा करतो. कोणाला दिसणार नाही."

मी पोतं खाली टाकलं. "भाला काखेतच घुसते, सर. काख उघडी ठेवून शिपाई उभा करता? मंग पुठ्ठ्याचाच करा ना."

ते म्हणाले, बरं. चिडले नाहीत. मीच चिडलो होतो, आणि त्यांच्यावर नाही.

कारण मला ती काख करता येत नव्हती. कड्या मी डोळे मिटूनही करीन, पण तिची वाढवण्याची रीत मी कधी नीट पाहिलीच नव्हती. दहा दिवस बसलो. माझा तुकडा चादरीसारखा सरळच व्हायचा, हात उचलला की मेलेल्या कातड्यासारखा ताणायचा. उजवी बाजू फळीवर पसरून पाहिली. सगळ्या कड्या सारख्याच दिसतात. कुठे तिनं एक जास्तीची टाकली आणि ती कोणत्या दोन कड्यांत लटकवली, हे वरून कळत नाही. माझ्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे. खात्याला वस्तू कशी केली हे कळून घ्यायचं तर एकच वाट असते. ती सोडवायची.

आणि खिळा मारलेली कडी सोडवता येत नाही. कापावी लागते.

डाव्या बाजूची तिची चार बोटं कापायची, किंवा सदरा खुंटीवर ठेवून द्यायचा. तिच्या हातचं तेवढंच शेवटचं. बंडी तिनं आधीच पुरी केली होती, आणि बाकी सदरा पुरा होता. ही चार बोटं मात्र ती दुखणं सोसत बाजेवर बसून करत होती, मी कड्या देत होतो. पोरगी सासरहून आली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तेवढं नका तोडू. आईचं आहे.

मी दोन दिवस भट्टी पेटवली नाही. मग विचार केला. माझ्या बायकोनं अर्धं काम कधी कोणाच्या हाती दिलं नाही. गावातल्या बाईचा विळा अर्धा राहिला तर तिला उंबऱ्यावर बसवून ठेवायची, पण पुरा करूनच द्यायची. तिच्या नावानं उघडी काख शाळेत लटकली, तर पोरं बोट घालून पाहतील आणि म्हणतील की खातीणबाईला जमलं नाही.

पोरीला म्हटलं, "तुही आई अर्ध्यात सोडणारी होती का?"

तिनं छिन्नी आणून दिली.

खालून वर गेलो. एक कडी कापायची, बाजूला ठेवायची, ती कोणकोणत्या चार कड्यांत होती ते पाहायचं, आणि फळीवर खडूनं काढून ठेवायचं. पहिली कापताना हात थांबला, नंतर थांबला नाही. कामात हात थांबला की चूक होते, हे तिनंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी उलगडलं. दर तिसऱ्या ओळीला एक जास्तीची कडी, आणि ती चार नाही, दोनच कड्यांत लटकवलेली. पुढची ओळ तिला मोजून घेते. म्हणजे मिटलेली असताना ती दिसत नाही आणि ताणलं की जागा देते. इतकं सोपं. मी दहा दिवस चारच्या मागं लागलो होतो, कारण मला चित्रात चार दिसल्या होत्या.

कापलेल्या कड्या मी डबीत घालून देवाजवळ ठेवल्या नाहीत. तार वाया घालवणं आमच्या घरात नाही. त्या तापवल्या, सरळ केल्या, बारीक तोडल्या आणि त्यांचे खिळे केले. डाव्या काखेतल्या नव्या कड्या त्याच खिळ्यांनी बसवल्या आहेत. पौष सरता सरता काम पुरं झालं. पोरगी आठ दिवस जास्त राहिली आणि गुंफायला बसली. तिचा हात आईसारखा चालत नाही, पण चालतो.

शाळेत देताना मी अट घातली. मृग लागला की सदरा माझ्या घरी यायचा आणि दिवाळीनंतर परत जायचा. पावसाचे चार महिने त्याला तेल मी लावणार. मुख्याध्यापक म्हणाले की वस्तू एकदा शाळेची झाली की अशी बाहेर जात नाही. मी विचारलं, तुमच्या शाळेत दर आठ दिवसांनी तेल कोण लावीन, नाव सांगा. त्यांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं छताकडे. अट मान्य झाली.

या मृगात सर पहिल्यांदा तो परत घेऊन आले, मोटरसायकलच्या मागं पोत्यात बांधून. मी अंगणात चटईवर पसरला आणि बोटं फिरवली. बोटांना डोळ्यांपेक्षा आधी कळतं. गळ्याशी तीन कड्या तुटलेल्या. डोक्यातून ओढूनताणून काढताना तुटतात तशा. इतक्या कड्या अशा तुटतात म्हणजे आत डोकं पोराचं नव्हतं.

"कोनं घातला होता?" मी विचारलं.

सर गाडीची किल्ली चाळवत राहिले.

"सर."

"मीच," ते म्हणाले. "वर्गात दाखवायला. नुसता लटकलेला पाहून पोरांना काही वाटत नव्हतं."

"बंडी घालून?"

"बंडी घालून. उकाड्यानं जीव गेला."

सरांचं पोट बरंच पुढे आहे. मी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हात वर केला होता का?"

"केला. भाला घेतला होता ना. पार डोक्याच्या वर."

"डावा?"

त्यांनी थोडं आठवलं आणि तिथेच अंगणात डावा हात उचलून दाखवला. "दोन्ही केले. डावाही. कुठे अडकलं नाही भाऊ, काही लागलंही नाही."

मी त्यांना बसायला सांगितलं. पोरगी माहेरी आलेली होती, तिला चहा ठेवायला लावला, भट्टी पेटवली आणि तीन कड्यांपुरती तार सळईवर गुंडाळायला घेतली.